बाटलीतील भाऊबंदकी

मिश्र रेड वाइन म्हणजे काळ्या द्राक्षांच्या एकाहून अधिक वाणांपासून केलेली वाइन. फ्रान्सच्या नैऋत्येस, अटलांटिक महासागरालगत असलेल्या बोर्दो प्रदेशाने या प्रकाराला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यामुळे असा समज सर्वत्र रुजला आहे की, कोणा रसिक पूर्वजाने निरनिराळ्या द्राक्षांचे गुणदोष पारखून, त्यांचा मेळ आधी मनात जुळवून, मगच हे मिश्रण सिद्ध केले असावे. आणि हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा असल्यामुळे तो खोडून काढण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. वास्तविक या मिश्रणाच्या मुळाशी रसिकता कमी आणि अविश्वास अधिक आहे. बोर्दोच्या बागाइतदाराचा आभाळावर काडीचा विश्वास नव्हता, आणि एकाच वाणाच्या भरवशावर वर्षाचे उत्पन्न पणाला लावण्याइतका तो भाबडाही नव्हता. म्हणून त्याने तीनचार वाण लावले आणि त्या वर्षी जे तगेल त्याची वाइन केली. चवीचे तत्त्वज्ञान पुढे, बाटल्यांच्या किमती चढल्यावर, सवडीने रचले गेले.

हा अविश्वास अनाठायी म्हणता येत नाही. मेर्लो हा वाण वसंतात लवकर फुटतो आणि लवकर पिकतो; त्यामुळे उशिरा आलेल्या थंडीत त्याचे कोवळे कोंभ करपण्याची भीती असते, पण शरदातील समुद्री पाऊस येईपर्यंत त्याची तोडणी बहुधा उरकलेली असते. कॅबर्ने सोव्हिन्यों हा वाण उशिरा फुटतो आणि मेर्लोच्या आठपंधरा दिवसांनंतर पिकतो. तो थंडीच्या तडाख्यातून सहसा सुटतो, पावसाच्या तावडीत मात्र नेमका सापडतो. दोघेही बागेत असले, की दोघेही एकाच वर्षी बुडण्याची शक्यता कमी होते. जमिनीनेही यात आपला वाटा उचलला आहे. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून जिरोंदची खाडी तयार होते. तिच्या डाव्या तीरावरील मेदोक भागात गोटे आणि खडी यांची उबदार जमीन असल्याने तेथे उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्योंला मान, तर उजव्या बाजूच्या साँतेमिलियों आणि पोमेरोल येथे चिकणमाती व चुनखडी अधिक असल्याने तेथे मेर्लोची चलती. दोन्ही तीरांचे रहिवासी आपापली वाइन ही खरी बोर्दो असल्याचे सांगतात, आणि दोघेही समोरच्या तीराचा वाण थोडासा आपल्या पिंपात घालतात.

या मिश्रणाला एकत्र कुटुंबाची उपमा देण्याचा मोह होतो. परंतु येथे उपमेला वावच नाही, कारण हे वाण खरोखरच एकमेकांचे सख्खे, सावत्र आणि चुलत आहेत. १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बोवर्स यांनी डीएनए तपासून दाखवून दिले की, जगातील सर्वांत मानकरी काळे द्राक्ष मानले जाणारे कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्राँ या काळ्या आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाचे अपत्य आहे. हा संकर कोणी योजून केलेला नव्हता, तो बागेत परस्परच जुळून आला. आईबापांची नावे मुलाच्या नावात शेकडो वर्षे स्पष्ट वाचता येत असताना ती ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागावी, ही विद्वत्तेच्या इतिहासातील एक मौजेची नोंद आहे. मेर्लोचाही एक जनक हेच कॅबर्ने फ्राँ निघाले. तेव्हा मेदोकमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो आणि कॅबर्ने फ्राँ यांची जी वाइन होते, ती वस्तुतः एक बाप आणि त्याची दोन घरची दोन मुले यांची एकत्रित मिळकत असते, आणि बाटलीवरच्या श्रेयात बाप शेवटच्या क्रमांकावर असतो.

मेर्लोची आई मात्र बरीच वर्षे बेपत्ता होती. ब्रिटनी प्रांतात एका टाकून दिलेल्या जागी तिची एक वेल सापडली, पुढे शारांत भागात काही घरांच्या दारांशी तिच्या आणखी वेली आढळल्या. तेथील लोक त्या वेलीला नुसते माग्दलेन म्हणत, कारण जुलैच्या २२ तारखेस येणाऱ्या संत मेरी माग्दलेनच्या सणाच्या सुमारास तिची द्राक्षे खाण्याजोगी होतात. २००९ मध्ये माँपेलिए येथील वाणतज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की हीच मेर्लोची आई, आणि एवढेच नव्हे, मालबेक या वाणाचीही आई. म्हणजे मेर्लो आणि मालबेक हेही सावत्र भाऊ ठरले. पोमेरोलच्या एका बाटलीसाठी लोक लाखांत पैसे मोजतात, आणि त्या वैभवाची माता कोणाच्या तरी परसदारी बिननावाची उभी होती. मराठी वाचकाला कुलवृत्तान्त हा ग्रंथप्रकार परिचित आहे, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे काढता येतात हेही ठाऊक आहे. मात्र त्याच नाशिकच्या परिसरातील वाइनच्या द्राक्षांची वंशावळ हवी असेल, तर डेव्हिस किंवा माँपेलिए येथेच विचारणा करावी लागते.

कुलवृत्तान्त म्हटला की घर सोडून गेलेले सदस्य आलेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या, आणि त्यावर अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम बांधण्याचा उपाय सापडल्यानंतर जेव्हा नव्याने लागवड झाली, तेव्हा कार्मेनेर हा लहरी व उशिरा पिकणारा वाण कोणी पुन्हा लावलाच नाही. बोर्दोने त्याला मृत मानले. तो मात्र किडीच्या आधीच दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोचला होता आणि तेथे मेर्लोच्या नावावर शंभराहून अधिक वर्षे सुखाने नांदत होता. तेथील बागाइतदारांना आपले काही मेर्लो वेळेवर पिकत नाही एवढीच काय ती तक्रार होती. १९९४ मध्ये उपरोक्त बुर्सिको चिलीच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी वेली पाहून हा तोतया ओळखला. पानिपतानंतर उपटलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाला शासन झाले हे मराठी इतिहासाला माहीत आहे. चिलीने याउलट या तोतयाला राष्ट्रीय मान दिला आणि त्याच्या खऱ्या नावाने बाटल्या विकण्यास आरंभ केला. मालबेकचेही असेच झाले. १९५६ च्या फेब्रुवारीत बोर्दोत पडलेल्या असाधारण थंडीत त्याच्या वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या, त्यांच्या जागी बहुतेकांनी मेर्लो लावले, आणि दरम्यान अर्जेंटिनात गेलेला मालबेक तेथे इतका संपन्न झाला की आता पुष्कळ लोकांना तो मूळचा तिकडचाच वाटतो.

घरी राहिलेल्यांचे स्वभाव आता पाहू. कॅबर्ने सोव्हिन्योंचा मणी लहान, साल जाड आणि गराच्या मानाने बिया अधिक. त्यामुळे त्याच्या वाइनमध्ये टॅनिन भरपूर उतरते. टॅनिन म्हणजे साल, बी, देठ आणि ओकच्या लाकडाचे पिंप यांतून येणारी तुरट द्रव्ये. ती लाळेतील प्रथिनांना धरून बसतात, त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ हिरड्यांवर अडखळू लागते. हे कळण्यास परदेशी ग्रंथांची आवश्यकता नाही. सुपारी, जांभूळ किंवा फार वेळ उकळलेला चहा यांपैकी कशाचाही अनुभव असलेल्या माणसाला टॅनिनची ओळख बालपणीच झालेली असते, फक्त त्यासाठी पैसे मोजण्याची सवय नसते. याच कॅबर्नेत मेथॉक्सिपायराझीन या वर्गातील एक द्रव्य असते, आणि ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारे द्रव्य तेच. द्राक्ष ऊन खाऊन पुरते पिकले तर हा वास मावळतो. कच्चे तोडले तर महागड्या वाइनच्या पेल्यातून ढोबळ्या मिरचीच्या पीठ पेरलेल्या भाजीची आठवण वर येते, आणि जाणकार तिला वनस्पतिजन्य छटा असे सभ्य नाव देतात.

कॅबर्नेच्या चवीविषयी वाइन करणाऱ्यांची एक जुनी तक्रार अशी की, ती आरंभी जोरकस आणि अखेरीस लांबलचक असते, पण मध्ये पोकळ असते. पहिला घोट तोंडात आला की फळांचा गंध उसळतो, गिळल्यावर तुरटपणा रेंगाळतो, आणि या दोहोंमध्ये क्षणभर काहीच घडत नाही. ही पोकळी मेर्लो भरून काढतो. त्याची साल पातळ, गर मांसल, साखर अधिक, म्हणून मद्यार्कही अधिक आणि तुरटपणा मवाळ. आलुबुखाराच्या जातीच्या पिकल्या फळांची चव घेऊन तो घोटाच्या मध्यभागी विसावतो. एका घरात एक भाऊ करारी आणि दुसरा गोडबोल्या असला म्हणजे व्यवहार जसा सुरळीत चालतो, तसाच हा प्रकार आहे. कॅबर्ने फ्राँ हा या दोघांचा बाप अंगाने हलका, गंधाने मात्र संपन्न. त्याच्याकडून मिश्रणाला फुलांचा व ओल्या पालापाचोळ्याचा वास मिळतो. उरला पती व्हेर्दो नावाचा वाण. तो सर्वांत शेवटी पिकतो, एखाद्या थंड वर्षी पिकतही नाही, आणि पिकला तर इतका गडद, तुरट आणि तिखट होतो की मिश्रणात त्याचे प्रमाण बहुधा शेकडा दोनपाचच्या वर जाऊ दिले जात नाही. आमंत्रण द्यावे लागते, पण पंगतीत मधोमध बसवता येत नाही, असा एक नातेवाईक प्रत्येक घराण्यात असतो.

हे सर्व एकत्र आणण्याच्या क्रियेला फ्रेंच लोक आसांब्लाज म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी झाल्यावर प्रत्येक वाणाची, आणि मोठ्या बागांत बागेच्या प्रत्येक तुकड्याची वाइन निरनिराळी आंबवली जाते. पुढील हिवाळ्यात मालक, तळघराचा प्रमुख आणि बाहेरून बोलावलेला सल्लागार अशी मंडळी क्रमांक लावलेल्या नमुन्यांपुढे बसतात, मोजपात्रात निरनिराळ्या प्रमाणांत नमुने मिसळतात, हुंगतात, तोंडात घोळवतात आणि थुंकतात. पती व्हेर्दो दोन टक्के घालावा की तीन, यावर सकाळ जाते. जे नमुने मुख्य वाइनच्या योग्यतेचे ठरत नाहीत, ते त्याच बागेच्या दुय्यम नावाच्या वाइनमध्ये जातात. शातो लातूरसारख्या पहिल्या श्रेणीतील बागेच्या या दुय्यम वाइनलाही भाव चांगला येतो, कारण मोठ्या घरातून हाकलला गेलेला माणूसही मोठ्या घरातलाच म्हणवतो. येथवर ठीक आहे. परंतु त्यानंतरच्याच वसंत ऋतूत, वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत अजून मुरायची असताना, बाटलीत जाण्यास तिला वर्ष-दीड वर्ष अवकाश असताना, जगभरातून समीक्षक व व्यापारी येऊन तिचे नमुने चाखतात, तिच्या भविष्यकाळाविषयी मते देतात, आणि त्या मतांवर आगाऊ विक्री होते. पत्रिका पाहून लग्न ठरवण्यास अवैज्ञानिक म्हणणाऱ्या समाजांत हा व्यवहार शतकोटींच्या घरात चालतो.

श्रेणीचा विषय निघालाच आहे, तर १८५५ चे वर्ष सांगितले पाहिजे. त्या वर्षी पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत बोर्दोच्या दलालांनी मुख्यतः मेदोकच्या रेड वाइनची पाच श्रेणींत क्रमवारी लावली. त्यांनी त्यासाठी वाइन चाखण्याचे कष्ट घेतले नाहीत, इतक्या वर्षांत कोणती बाटली कोणत्या भावाला गेली ते चोपड्यांतून पाहिले. चवीच्या मूल्यमापनाची याहून प्रामाणिक पद्धत अद्याप निघालेली नाही. ही यादी आजही प्रमाण आहे. मालक बदलले, जमिनी विकल्या-घेतल्या गेल्या, मिश्रणातील वाणांची प्रमाणे पार उलटीपालटी झाली, तरी श्रेणी जागच्या जागी राहिल्या. अपवाद म्हणण्यासारखा एकच, १९७३ मध्ये शातो मुताँ रोत्शिल्द दुसरीतून पहिलीत गेली, आणि त्यासाठी तिच्या मालकाला कित्येक दशके खटपट करावी लागली.

आता चवीच्या भाषेकडे वळणे क्रमप्राप्त आहे, कारण मिश्र वाइनची चव जितकी पेल्यात असते तितकीच तिच्या वर्णनात असते. डाव्या तीरावरील तरुण वाइनला काळे करंट, देवदाराचे लाकूड आणि नुकतीच टोक काढलेली पेन्सिल यांचा वास येतो असे ग्रंथ सांगतात. दहावीस वर्षे मुरल्यावर तिचा जांभळा रंग विटकरी होत जातो, टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन गाळ होऊन खाली बसतात, तुरटपणा निवळतो, आणि कातडे, तंबाखू, ओली माती यांचे वास पुढे येतात. काळे करंट हे महाराष्ट्रात कोणी झाडावर पाहिलेले नसते, हा मराठी रसिकाचा न्यूनगंड निष्कारण आहे. अमेरिकेत पाइन वृक्षांवर पडणाऱ्या एका रोगाला हे झुडूप आसरा देते म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या लागवडीवर बंदी आली आणि १९६० नंतरच ती सैल होऊ लागली. तरीही अमेरिकन समीक्षक बोर्दोच्या वाइनमध्ये काळे करंट मोठ्या आत्मविश्वासाने हुडकत आले आहेत. करवंद आणि जांभूळ प्रत्यक्ष खाऊन मोठा झालेला माणूस या कामी त्यांच्यापेक्षा अधिक पात्र मानला पाहिजे. याच समीक्षकांतील सर्वांत वजनदार रॉबर्ट पार्कर यांनी शंभर गुणांची पद्धत लोकप्रिय केली. तीत गणना पन्नासापासून सुरू होते, म्हणजे बाटलीत द्रव असला की निम्मे गुण मिळाले.

शब्दांचा हा पसारा आवरावा म्हणून डेव्हिस येथीलच अॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या गंधांचे एक चक्र तयार केले. आतल्या वर्तुळात फळ, फूल, मसाला, माती असे मोठे गट आणि बाहेरच्या वर्तुळात प्रत्येक गटातील नेमके वास, अशी त्याची रचना आहे. त्यात स्ट्रॉबेरी आहे, लवंग आहे, आणि भिजलेला कुत्राही आहे. हा शेवटचा वास दोषांत मोडतो हे खरे. तथापि ब्रेटानोमायसिस नावाच्या एका रानटी यीस्टमुळे येणारा घोड्याच्या तबेल्याचा वास दोष की वैशिष्ट्य, यावर अद्याप एकमत नाही. अल्प प्रमाणात आणि नामांकित बागेच्या बाटलीत आला तर त्याला गुंतागुंत म्हणतात, अन्यत्र आला तर बाटली परत पाठवतात.

या भाषेची परीक्षा बोर्दोतच झाली. २००१ मध्ये जिल मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे आणि देनी द्युबुर्दियो यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना आधी एक व्हाइट आणि एक रेड वाइन देऊन त्यांचे गंध वर्णायला सांगितले, आणि पुढच्या खेपेस तीच व्हाइट वाइन, वास न येणाऱ्या लाल रंगाने रंगवून, रेडच्या जागी ठेवली. विद्यार्थ्यांनी पहिल्या खेपेस व्हाइटला मध आणि लिंबू या जातीचे शब्द वापरले होते. तीच लाल होऊन समोर येताच त्यांना तिच्यात काळ्या-तांबड्या फळांचे वास येऊ लागले. यावरून वाइन चाखणे हे थोतांड आहे असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले, पण तो उतावळेपणाचा आहे. निबंधाचा मुद्दा एवढाच होता की वासाचे नाव ठरवताना नाकाआधी डोळा मत देतो. आणि ज्या घरात मोठ्यांनी आधी मत दिले आहे, तेथे धाकट्याने वेगळे बोलू नये ही रीत फक्त मराठी घरांपुरती नाही, हे त्यातून निष्पन्न होते. शिवाय रसायन आपल्या जागी खरेच आहे. शिराझ या वाणाच्या वाइनला काळ्या मिरीचा वास का येतो याचा छडा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये लावला. रोटंडोन हे द्रव्य मिरीत आणि त्या द्राक्षात एकच निघाले, आणि त्याच अभ्यासात असेही आढळले की सुमारे पाचांतील एका माणसाला तो वास येतच नाही. तेव्हा मेजवानीत मिरीच्या वासावरून वाद झालाच, तर दोन्ही पक्ष खरे बोलत असण्याचा संभव आहे.

मिश्रणाविषयी तिटकारा बाळगणारा एक शुद्धतावादी पंथ आहे. एकाच वाणाची वाइन तीच खरी, बाकी सारी भेसळ, असे त्याचे मत. या पंथाला कायदा मोठ्या प्रेमाने सांभाळून घेतो. युरोपीय संघात वाइनवर एका वाणाचे नाव छापण्यास तो वाण ८५ टक्के असला की पुरे, अमेरिकेच्या संघीय नियमानुसार ७५ टक्के. म्हणजे शुद्ध म्हणून घेतलेल्या अमेरिकन बाटलीत पाव हिस्सा परका असू शकतो. २००४ मध्ये आलेल्या ‘साइडवेज’ या अमेरिकन चित्रपटाचा नायक मेर्लोचा कट्टर द्वेष्टा आहे. त्याने जिवापाड जपलेली बाटली मात्र १९६१ ची शातो शव्हाल ब्लाँ, आणि ती असते कॅबर्ने फ्राँ व मेर्लो यांचे मिश्रण. दुसऱ्या टोकाला ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील शातोनफ-द्यु-पाप आहे. तेथील नियम तेरा वाणांना परवानगी देतात, त्यांत काही पांढरेही आहेत. एवढी मोकळीक देणारे हे गाव सर्वच बाबतींत उदार आहे असे मात्र नाही. १९५४ मध्ये तेथील महापौरांनी उडत्या तबकड्यांना गावच्या हद्दीवरून उडण्यास, तेथे उतरण्यास आणि तेथून उड्डाण करण्यास मनाई करणारा हुकूम काढला, आणि उतरलेली तबकडी ताबडतोब कोंडवाड्यात टाकली जाईल असे बजावले. कोंडवाड्याच्या मापांविषयी हुकूम मौन बाळगतो.

ऱ्होनचा उल्लेख आला, तेव्हा बोर्दोने लपवलेले एक प्रकरणही उघड केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः पीक अशक्त आलेल्या वर्षी, बोर्दोच्या वाइनमध्ये ऱ्होनच्या एर्मिताज टेकडीवरील सिराची दमदार वाइन ओतून तिला अंग आणले जाई, आणि इंग्लंडचे गिऱ्हाईक अशा सुधारलेल्या वाइनला जास्त दाम देई. पुढे प्रदेशनिहाय नियम आले आणि हा बाहेरचा संबंध बंद झाला. मात्र सिरा म्हणजेच शिराझ हे ऑस्ट्रेलियात गेल्यावर तेथे बोर्दोच्या कॅबर्नेशी त्याची सोयरीक उघडपणे लागली, आणि तीच सोयरीक भारतातही आली. बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर कंपनीने काढलेली ‘ला रेझर्व्ह’ ही कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ यांची मिश्र वाइन आहे, आणि तिच्यासाठी सल्ला दिला तो पोमेरोलच्या मिशेल रोलाँ यांनी; बोर्दोत जे मिश्रण कायद्याने करता येत नाही, ते बोर्दोच्याच तज्ज्ञाने कर्नाटकात करवून दिले, यात ज्ञानप्रसाराबरोबर थोडे मनमोकळे होणेही असावे.

महाराष्ट्रात मिश्रणाचे मूळ कारण, म्हणजे हिमाची धास्ती, उरतच नाही. येथे वेल झोपी जात नाही. पावसाळ्याच्या अखेरीस छाटणी करून तिला पुन्हा फुटण्यास भाग पाडतात आणि जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत तोडणी होते. अर्थात अविश्वासाला जागा येथेही आहे, फक्त शत्रूचे नाव अवकाळी आणि गारपीट असे आहे. आणि गारा वाण पाहून पडत नसल्यामुळे तेथे मिश्रण कामाचे नाही. तरीही सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला, ऊस आणि सहकारी साखर कारखाने यांच्या मुलखात, फ्रातेल्ली कंपनीने सांजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांची ‘सेत्ते’ ही मिश्र वाइन काढली. कंपनीच्या नावाचा इटालियन अर्थ भाऊ, आणि ती उभी केली ती इटालियन व भारतीय भावांच्या जोड्यांनी. भावाभावांनी एकत्र येऊन उद्योग काढणे हेच मुळात या प्रदेशात नवलाचे असल्याने वाइनच्या चवीची चर्चा दुय्यम ठरते. सांजोवेसे हा इटलीतील तोस्काना प्रांताचा वाण आंबटसर, लालसर चेरीच्या चवीचा. त्याच्या जोडीला काय घालावे याचा नुस्खा १८७२ मध्ये बारोन बेत्तिनो रिकासोली यांनी घालून दिला होता. इटलीचे पंतप्रधानपद दोनदा भूषवून त्यांनी राजकारणात जे मिळवले, त्यापेक्षा क्यांती या तोस्कानी वाइनच्या मिश्रणातील त्यांचे स्थान अधिक टिकले. पुढे १९६७ च्या नियमांनी त्यात पांढरी द्राक्षे घालणे सक्तीचे केले, ते न मानता काही तोस्कानी उत्पादकांनी सांजोवेसेत कॅबर्ने मिसळले, आणि नियमाबाहेर गेल्यामुळे ती वाइन साधी जेवणाची वाइन म्हणून, पण क्यांतीच्या कितीतरी पट भावाने विकली. अकलूजच्या बाटलीतील जोडी याच बंडाची धाकटी पाती.

बोर्दोत दरम्यान हवा तापत चालली आहे. लवकर पिकणारा मेर्लो आता इतका लवकर पिकतो की त्याचा मद्यार्क आवरत नाही, आणि ज्याच्या पिकण्याची शाश्वती नव्हती तो पती व्हेर्दो वेळेवर पिकू लागला आहे. घरातला गुणी मुलगा बिघडावा आणि उनाड सुधारावा, अशी ही स्थिती. त्यामुळे २०२१ मध्ये फ्रान्सच्या संबंधित राष्ट्रीय संस्थेने बोर्दोच्या रेड वाइनसाठी चार नवे वाण प्रायोगिक म्हणून मान्य केले: आरिनार्नोआ, कास्ते, मार्सलान आणि पोर्तुगालचा तुरिगा नासिओनाल. यांतील मार्सलान हे कॅबर्ने सोव्हिन्यों आणि ग्रनाश यांचे १९६१ मध्ये मुद्दाम घडवलेले अपत्य, म्हणजे घरचेच नातवंड. कास्ते हा याच भागातील विस्मृतीत गेलेला वाण, म्हणजे जुना भाडेकरू. सर्वस्वी परका तो तुरिगा एकटाच. अटी अशा की बागेच्या पाच टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर हे नवे वाण लावू नयेत, मिश्रणात ते दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, आणि त्यांची नावे लेबलावर छापू नयेत. बोर्दोच्या मिश्रणाला पोर्तुगीज जावई चालतो. दारावरच्या पाटीवर त्याचे नाव लागणार नाही, एवढे मात्र आधीच लेखी ठरवून घेतले आहे.